जिवंत पेशीतला कॅल्शियमचा संकेत कसा टिपाल?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० पार जातो, म्हणून आधी एसी लावा आणि मायक्रोस्कोप तासभर तसाच राहू द्या. तापमान हललं की फोकस सरकलाच. हीला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी) फ्लुओ-४ एएम, म्हणजे कॅल्शियम भेटलं की चमकणारा रंग, अर्धा तास अंधारात पाजा, मग धुऊन हेपीस बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ३७ अंशांवर ठेवा. आत शिरलेल्या रंगाचे एएम गट (त्याला आत शिरू देणारे जोड) पेशीतली एन्झाइमं कापतात, आणि तो आतच अडकतो.

रंग चमकवणारा ४८८ नॅनोमीटरचा लेझर प्रकाश मंदच ठेवा. चित्र झगझगीत हवं म्हणून आमची पोरं लेझर वाढवतात. रंग विटतो, पेशी मरगळतात. मला दाणेदार चित्र चालतं बुवा!

मिनिटभर नुसतं रेकॉर्डिंग, मगच हिस्टामीन, म्हणजे पेशीत कॅल्शियमचा संकेत उठवणारं रसायन. काही सेकंदांत चमक उसळते. शेवटी आयनोमायसिन घाला, ते कॅल्शियम थेट पेशीत शिरू देतं. तरीही चमकलं नाही, तर रंगच नीट भरला नव्हता समजा.