ट्यूब प्रीॲम्प आणि ट्रान्झिस्टर ॲम्प एकत्र चालवताय? या चुका टाळा

व्हॅक्यूम ट्यूबचा प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधी सिग्नल सांभाळणारा भाग) किंवा फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) घ्यायचा आणि पुढे ताकदीसाठी ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प जोडायचा, ही जोडी अनेक शौकिनांना आवडते आणि ती खरोखर छान वाजते. अडचण एकच. खटका दाबल्यावर दोघं तयार व्हायला सारखा वेळ घेत नाहीत, आणि या फरकाचा फटका बसतो वूफरला, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला.

१२एएक्स७ किंवा ६एसएन७ सारख्या ट्यूबचा फिलामेंट (आतली तापणारी तार) तापून कॅथोडमधून (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागातून) पुरेसा प्रवाह सुरू व्हायला साधारण २० ते ३० सेकंद जातात. सिलिकॉन डायोडवर चालणाऱ्या सप्लायमध्ये प्लेटचे (हे इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या भागाचे) २५०–३०० व्होल्ट मात्र लगेच येतात. ट्यूब थंड असेपर्यंत प्लेटवर हा पूर्ण व्होल्टेज बसून राहतो. ट्यूब वाहू लागली की तो शंभरेक व्होल्टनं किंवा त्याहून जास्त खाली येतो. आउटपुटचा कपलिंग कपॅसिटर स्थिर डीसी अडवतो, पण बदलता व्होल्टेज त्यातून पलीकडे जातोच. म्हणून आउटपुटवर एक संथ, मोठा हेलकावा उमटतो.

आता हिशोब बघा. पॉवर ॲम्पचा गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) बहुधा २६ डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे २० पट. डीसी-कपल्ड, म्हणजे वाटेत डीसी अडवणारा कपॅसिटर नसलेल्या, ॲम्पच्या इनपुटवर फक्त १ व्होल्टचा संथ हेलकावा आला तर स्पीकरवर २० व्होल्ट जातात. ८ ओहमच्या कॉइलमधून अडीच अँपिअर, ५० वॉट, आणि तेही जवळजवळ डीसी. ट्वीटरला (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) क्रॉसओव्हरमधला, म्हणजे सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर वाचवतो. वूफरचा कोन मात्र एका बाजूला फेकला जाऊन तिथेच थांबतो आणि कॉइल तापते.

सगळं एकाच बटणावर

एका एक्स्टेन्शन बोर्डावर सगळी यंत्रं आणि बोर्डाचं बटण दाबलं की सगळं चालू, ही सवय सर्वांत घातक आहे. "माझ्या ॲम्पला प्रोटेक्शन रिले आहे" असं त्यावर बरेचजण सांगतात. रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा स्विच, असणं चांगलंच, पण तो ॲम्पच्या स्वतःच्या स्थिरतेसाठी काही सेकंद थांबतो. ट्यूब वाहायला लागते त्याच्या खूप नंतर. म्हणजे रिले जोडला जातो आणि धक्का त्यानंतर येतो. डीसी ओळखून तुटणारा रिले असेल तर तो वाचवेल, पण रोजच्या वापरासाठी त्याच्यावर विसंबू नका. जुन्या आणि स्वस्त ॲम्पमध्ये कित्येकदा तो नसतोच.

योग्य क्रम असा: आधी सोर्स आणि ट्यूब प्रीॲम्प, मग किमान एक मिनिट थांबायचं, मग पॉवर ॲम्प. बंद करताना आधी पॉवर ॲम्प. बंद केल्यावरही काही ॲम्प थोडा वेळ वाजत राहतात, तो आवाज पूर्ण विरला की मगच प्रीॲम्प. दोघांसाठी वेगळे खटके ठेवा. इंटिग्रेटेड ॲम्पला (प्री आणि पॉवर एकाच डब्यात असलेल्या) ट्यूब फोनो जोडला असेल तर तापेपर्यंत सिलेक्टर दुसऱ्या इनपुटवर ठेवा.

व्हॉल्यूम शून्यावर आणून भागत नाही. बऱ्याच ट्यूब प्रीॲम्पमध्ये व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा भाग) ट्यूबच्या आधी बसवलेला असतो आणि धक्का ट्यूबमध्येच तयार होतो. पॉवर ॲम्पला स्वतःचा गेन कंट्रोल असेल तर तो कमी करण्यात अर्थ आहे.

लाईट जाते आणि येते तेव्हा

आपल्याकडे सगळी काळजी इथे वाया जाते. लाईट गेली की सगळं एकदम बंद, आणि आली की सगळं एकदम चालू, तुम्ही स्वयंपाकघरात असलात तरी. लाईट गेल्यावर पहिला हात पॉवर ॲम्पच्या खटक्याकडे गेला पाहिजे. घराबाहेर पडताना तो बंदच हवा.

मला स्वतःला इथे यंत्रावर सोपवलेलं जास्त पटतं. फ्रीज-एसीच्या स्टॅबिलायझरमध्ये टाइम डिले असतो, तसाच ऑन-डिले टायमर इलेक्ट्रिकल पॅनेलचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून फक्त पॉवर ॲम्पचा पॉइंट त्यावर घ्या आणि ६० ते ९० सेकंदांवर लावा. मोठ्या टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा सुरुवातीचा झटका पेलेल असा काँटॅक्टर (जड करंटचा स्विच) सोबत हवा. बंद करतानाचा क्रम मात्र तुम्हालाच पाळावा लागेल.

क्रम बरोबर, तरी वूफर पुढे सरकलेला

मग गळका कपलिंग कपॅसिटर तपासा, विशेषतः जुन्या यंत्रात कागदी कपॅसिटर असतील तर. प्रीॲम्प ॲम्पपासून सोडवा, चालू करून पाचेक मिनिटं तापू द्या आणि आरसीएच्या (सिग्नल केबलच्या गोल सॉकेटच्या) पिन व बाहेरच्या कड्यावर मल्टीमीटर डीसीवर लावा. सुरुवातीला आकडा उड्या मारेल, मग शून्याजवळ स्थिरावला पाहिजे. ५० मिलिव्होल्टवर अडून बसला तर डीसी-कपल्ड ॲम्पमधून तोच १ व्होल्ट होऊन स्पीकरला मिळतो. कपॅसिटर बदला, आणि आउटपुट ते ग्राउंड असा १ मेगओहमचा रेझिस्टर आहे का तेही बघून घ्या. तो नसेल तर कपॅसिटरवरचा चार्ज साठून राहतो आणि केबल जोडताच धप्प आवाज येतो. हे काम झाकण उघडून करायचं असल्यानं जाणकाराकडेच द्या: प्लग काढल्यावरही आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरू शकतो.

बाहेरून आणलेली यंत्रं

अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं, जपानमधलं १०० व्होल्टचं. आपल्या २३० ला थेट लावलं तर काय होईल हे सगळ्यांना माहीत आहे. ११० व्होल्टच्या स्टेपडाऊनवर जपानी यंत्र चालवताना मात्र कोणी फारसा विचार करत नाही. १० टक्के जास्त म्हणजे ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ६.९, आणि ३०० व्होल्टच्या प्लेटला ३३०. ट्यूब लवकर संपते, कपॅसिटरही ताणले जातात. १०० व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर मागा आणि तो ऑटो ट्रान्सफॉर्मर आहे का हेही विचारा. ऑटोमध्ये मेन लाईन आणि यंत्र यांच्यात काहीच आडपडदा नसतो.

घुंई आवाज घालवायला अर्थ पिन काढणं

हे कधीही करू नका. आत फॉल्ट झाला तर प्रीॲम्पच्या धातूच्या कव्हरवर करंट उतरतो, आणि आरसीए केबलच्या शील्डमधून तोच करंट पॉवर ॲम्पच्या कव्हरवर आणि टर्नटेबलच्या टोनआर्मपर्यंत पोहोचू शकतो. त्यावर हात तुमचाच पडणार. आधी दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर, पण वेगळ्या खटक्यांवर, आणि एकाच अर्थिंगवर घ्या. मग सेट-टॉप बॉक्स आणि कंप्युटरच्या केबल एकेक काढून पाहा. घुंई कुठून येतेय ते बहुधा तिथेच कळतं.

आरसीए केबल चालू यंत्रात घालू-काढू नका. तिची मधली पिन ग्राउंडच्या आधी टेकते, तेवढ्या क्षणात पूर्ण ताकदीचा हम स्पीकरवर जातो. ट्यूब बदलायची असेल तरी आधी पॉवर ॲम्प बंद, मग प्रीॲम्प बंद, प्लग बाहेर, आणि काच पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा.