झिरकोनिया सेलने ऑक्साइडमधला ऑक्सिजन मोजताना या चुका टाळा

ऑक्साइडमधून किती ऑक्सिजन गेला हे मोजण्यासाठी यिट्रियायुक्त झिरकोनियाच्या सेलइतके संवेदनशील साधन क्वचितच मिळते. तापलेल्या झिरकोनियाच्या भिंतीतून ऑक्सिजनचे आयन वाहतात; त्यामुळे प्रवाह देऊन ऑक्सिजन आत-बाहेर पंप करता येतो, आणि भिंतीच्या दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधला फरक विद्युतदाब म्हणून दिसतो. १ ग्रॅम सिरियातून (सिरियम ऑक्साइडमधून) १ कूलोम भाराइतका ऑक्सिजन काढला, तर सूत्रातील डेल्टा, म्हणजे ऑक्सिजनची कमतरता दाखवणारा आकडा, जेमतेम ०.०००९ ने बदलतो. परंतु साधन एवढे बारीक असल्यामुळेच बारीक गळतीही उत्तरात उतरते, आणि मला वारंवार दिसणारी पहिली चूक हीच आहे.

एका संशोधक विद्यार्थ्याने गॅडोलिनियम मिसळलेल्या सिरियाचा ८०० अंश सेल्सिअसवरचा आलेख आणला होता. डेल्टा अपेक्षेपेक्षा बराच मोठा होता आणि त्याचे श्रेय त्याने मिश्रणाला देऊन टाकले होते. मी त्याला काढलेला सर्व भार उलट दिशेने परत भरायला सांगितले. निम्मा भारही परत गेला नसेल, तोच सेलचा विद्युतदाब शून्याजवळ उतरला. म्हणजे बाकीचा ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून आधीच आत शिरत होता आणि पंप तोच पुन्हा उपसत होता. थंड झाल्यावर अ‍ॅल्युमिनाचे झाकण जिथे झिरकोनियाच्या नळीला काचेने जोडले होते, तिथे केसाएवढी चीर दिसली. या दोन पदार्थांचे प्रसरण सारखे नसते, आणि वेळ वाचवण्यासाठी भट्टी झपाट्याने थंड केली गेली होती. अवघ्या १० मायक्रोअँपियरच्या गळतीने २४ तासांत ०.८६ कूलोम भार खोटा मोजला जातो. म्हणून मी भट्टी मिनिटाला २ अंशांपेक्षा वेगाने कधीच उतरवत नाही, नमुना भरण्याआधी रिकामा सेल ठरावीक विद्युतदाबावर धरून लागणारा प्रवाह नोंदवते, आणि परतीच्या प्रवासाशिवाय कोणताही आलेख स्वीकारत नाही. ज्यांना हा परतीचा प्रवास वेळेचा अपव्यय वाटतो, त्यांनी ही पद्धत निवडूच नये.

दुसरी चूक नमुन्याभोवतीच्या रिकाम्या जागेची. ८०० अंशांवर ५ मिलिलिटर हवेतला ऑक्सिजन उपसायलाच सुमारे ४.६ कूलोम लागतात. हा भार वजा केला नाही, तर १ ग्रॅम सिरियात डेल्टा ०.००४ ने फुगतो. ही जागा अ‍ॅल्युमिनाच्या दांड्याने भरून काढावी आणि उरलेल्या जागेची दुरुस्ती करावी.

दोन्ही बाजूंना हवा असताना विद्युतदाब शून्य आला नाही, तर आधी दोन्ही इलेक्ट्रोडांचे तापमान आणि प्लॅटिनमच्या तारा तपासाव्यात.

प्रवाह थांबवल्यावर विद्युतदाब स्थिर होण्याआधी आकडा टिपू नये. या तापमानाला ५३ मिलिव्होल्टच्या फरकाने ऑक्सिजनचा आंशिक दाब (वायूच्या एकूण दाबातला त्याचा वाटा) दहापट बदलतो.

शेवटची चूक म्हणजे या मोजणीतून थेट एकूण ऑक्सिजन मिळतो असे मानणे. सेल फक्त बदल सांगतो. लँथॅनम कोबाल्टाइटसारखा नमुना असेल, तर त्याच बॅचची भुकटी थर्मोबॅलन्सवर (तापवतानाच वजन मोजणाऱ्या तराजूवर) हायड्रोजनमध्ये कोबाल्ट धातू होईपर्यंत पूर्ण क्षपित करावी आणि वजनातील घटीवरून संदर्भबिंदू ठरवावा. दुसऱ्याच्या शोधनिबंधातला बिंदू उचलून आपल्या आलेखाला चिकटवू नये.