जुन्या गाडीत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप बसवताना या चुका टाळा

ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागतंय, गाडी थांबवायला पाय अक्षरशः रोवावा लागतोय, आणि गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, "बूस्टर गेला, बदलावा लागेल." बूस्टर म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमच्या (हवेच्या ओढीच्या) मदतीने पायाचा जोर वाढवणारा गोल डबा. त्याचे पैसे देण्याआधी इंजिनाकडून त्याला आलेला बोटभर जाडीचा रबरी पाइप नीट बघा. जुन्या गाडीत पुष्कळदा दोष तिथेच निघतो. पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लाइनमध्ये हवा शिरलेली असते किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. कडक पेडलवर मात्र ब्रेकची हवा काढत बसून काहीही हाती लागत नाही.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे हाताला लागेल तो पाइप बसवणं. माझ्या कार्ब्युरेटरच्या झेनला एकदा पेट्रोलचाच पाइप कापून लावला गेला. मापाला बरोबर, दिसायला कोराकरकरीत. सकाळी थंड गाडीत ब्रेक उत्तम. अर्ध्या तासाने इंजिन तापलं आणि सिग्नलला पेडल अचानक कडक! इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं, तर वळणावर पाइप चपटा होऊन आतून चिकटलेला. इंजिन बंद केलं आणि बघता बघता तो पुन्हा गोल झाला. गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून तपासलं असतं तर काहीच सापडलं नसतं. पेट्रोलच्या पाइपात दाब आतून बाहेर असतो; इथे बाहेरची हवा पाइपाला चहूबाजूंनी आत दाबत असते. म्हणून व्हॅक्यूम ब्रेकसाठीच बनवलेला, जाड भिंतीचा, आत धाग्याचं विणकाम असलेला पाइपच मागा. रेडिएटरचा पाइप तर नकोच, पेट्रोलच्या वाफेने तो आतून फुगतो.

जुना पाइप फेकण्याआधी तो हलवून, चाचपून बघा. काही गाड्यांत वनवे वॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बूस्टरच्या तोंडाशी नसून पाइपाच्या पोटातच असतो. त्याजागी साधा पाइप लावला की वॉल्व्ह कचऱ्यात जातो आणि कोणाला कळतही नाही. गाडी चालू असताना ब्रेक ठीक लागतात, पण बूस्टरमध्ये व्हॅक्यूम साठून राहत नाही. इंजिन घाटात बंद पडलं, तर पहिल्याच दाबाला पेडल कडक. वॉल्व्ह उलटा लावला तर बूस्टरला व्हॅक्यूमच मिळत नाही. बाण इंजिनाकडे हवा. बाण पुसला गेला असेल तर फुंकून बघा: बूस्टरच्या बाजूने फुंकल्यावर हवा पार जायला हवी, इंजिनाच्या बाजूने मुळीच नाही.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात आणखी एक घोळ होतो: बूस्टरचा पाइप चुकीच्या निपलला (पाइप चढवायच्या छोट्या नळीला) लागतो. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागाच्या) अ‍ॅडव्हान्सचं बारीक निपल अनेकदा थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) वर असतं. आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) तिथे व्हॅक्यूम जवळजवळ नसतो, आणि ब्रेक मारताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेलाच असतो. बूस्टरची जागा इनटेक मॅनिफोल्डवरच्या (सिलेंडरांना हवा-पेट्रोल पोहोचवणाऱ्या नळकांड्यावरच्या) मोठ्या निपलवर. चांगल्या इंजिनात आयडलला तिथे साधारण १८ ते २० इंच पारा इतका व्हॅक्यूम मिळतो.

बूस्टरच्या तोंडाचं रबरी ग्रोमेट (जोड घट्ट ठेवणारी कडी) कडक झालं असेल तर पाइपाबरोबर तेही बदला. बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, आणि सिलिकॉन सीलंट तर अजिबात नको, त्याचे तुकडे आत ओढले जातात. क्लिप आवळताना प्लॅस्टिकचं निपल तडकणार नाही एवढं पाहा. पाइप एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि थोडी ढील सोडा, इंजिन माउंटिंगवर हलत असतं.

डिझेलला थ्रॉटल नसल्याने मॅनिफोल्डमध्ये पुरेसा व्हॅक्यूम तयार होत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मागे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तिथे पाइप कितीही चांगला असो, अल्टरनेटरचा पट्टा तुटला की बूस्टरची मदतही गेली. या पंपाला इंजिन ऑइल लागतं, म्हणून पाइपात तेल उतरलेलं दिसलं तर पंप आणि वॉल्व्ह दोन्ही तपासा.

जोडणी झाल्यावर सपाट जागी, हँडब्रेक ओढून एवढं करा. इंजिन बंद असताना पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली जायला हवं. मग दोन मिनिटांनी इंजिन बंद करून सावकाश दाबत राहा. पहिल्यांदा खोल, नंतर दर वेळी थोडं वर लागलं तर व्हॅक्यूम टिकतोय. हीच चाचणी इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा करा, माझा तो पाइप इंजिन थंड असताना पास झाला होता.

तरीही सूं आवाज येत असेल किंवा आयडल वरखाली होत असेल, तर पाइपाला फडकं गुंडाळून बूस्टरजवळ पकडीने चिमटा. आयडल लगेच सुधारलं तर गळती बूस्टरच्या बाजूला आहे, नाहीतर इंजिनाकडे शोधा. आणि बूस्टरमधून पाइप काढताच आत ब्रेक ऑइल ओलं दिसलं, तर मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागाचं) मागचं सील गळतंय. तिथे आधी सील, मग बूस्टरची तपासणी, आणि पाइप सगळ्यात शेवटी.