डमामच्या ध्वनिमुद्रणाचं अनुदान नावापायी अडकलं, तेव्हा

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या वाड्या आहेत. तिथलं डमामवादन (डमाम म्हणजे त्यांचा ढोल) आणि गाणी नोंदवण्यासाठी एका संस्थेनं सरकारी अनुदानाकरता केलेला अर्ज दोनदा परत आला. प्रस्तावात खोट नव्हती. घोळ होता संस्थेच्या नावाच्या स्पेलिंगचा. नोंदणी प्रमाणपत्र कन्नडमध्ये, पॅनवर इंग्रजीत 'सिद्दी'ला एकच डी, बँक खात्यावर दोन. स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी दर्पण पोर्टल संस्थेचं नाव पॅनशी ताडून पाहतं, पैसे पीएफएमएस या सरकारी निधीवाटपाच्या प्रणालीतून खात्यात येतात. एका अक्षराचा फरकही पुरतो.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी कार्यकारिणीचा ठराव करून एकच स्पेलिंग ठरवा आणि कन्नड प्रमाणपत्राचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर घ्या. मग पॅन दुरुस्ती, त्यानंतर बँकेचं केवायसी, शेवटी दर्पण. उलट गेलात तर सगळं पुन्हा करावं लागतं.

अंदाजपत्रकात 'कार्यक्रम खर्च' असं मोघम लिहू नका. '6 कलाकार, 4 दिवस, रोजचं मानधन इतकं' असं फोडून लिहा. मानधन आधी धरा, यंत्रं नंतर. रोजगार बुडवून येणाऱ्या म्हाताऱ्या गायिकेला फुकट बसवणं मला पटत नाही. मुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये करा. स्टीरिओचा एक तास साधारण 1 जीबी होतो, तीन प्रतींच्या हिशोबानं हार्डडिस्क मागा. त्यातली एक प्रत वाड्यावरच राहू द्या.

अनुदानाला वेगळं बचत खातं ठेवा, कारण त्यावरचं व्याज सरकारला परत करावं लागतं आणि जीएफआर 12-ए या नमुन्यातल्या उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे पैसे कसे खर्च झाले याच्या दाखल्यात, दाखवावं लागतं.