कोंबड्यांच्या शेडमधल्या माश्या मोजायच्या आधी

‘माश्या वाढल्यात’ असं कोणीही म्हणतं. कधीपेक्षा वाढल्यात, असं विचारलं की सगळे गप्प. म्हणून आधी, माश्या बसून ठिपके सोडतील अशी कार्डं कापून घ्या: पांढरी, कोरी, ३ बाय ५ इंचांची, एका शेडला निदान दहा. पाठीमागे शेडचा नंबर, जागा आणि लावल्याची तारीख बॉलपेननेच लिहा, जेलपेनचं लिखाण दमट हवेत पसरतं.

कार्ड कुठे लावायचं ते दिवसा ठरवू नका. अंधार पडला की टॉर्च घेऊन आत जा आणि वर बघा. वासे, पाइप, लोंबत्या वायरी जिथे ठिपक्यांनी काळ्या पडल्यात, तिथेच माश्या रात्र काढतात. कार्ड तिथे सपाट टाचा आणि शेजारी खडूने खूण करून ठेवा, कारण पुढच्या आठवड्याचं कार्डही नेमकं त्याच जागी लागायला हवं. जागा बदलली की आकड्यांची तुलनाच संपली.

सात दिवसांनी कार्डं उतरवून ठिपके मोजायचे; माशीने ओकलेले फिकट आणि विष्ठेचे गडद, दोन्ही धरायचे. एका कार्डावर आठवड्याला १००च्या वर ठिपके म्हणजे हात हलवायची वेळ झाली, असं साधारण मानतात. शेजारी वस्ती असेल तर मी एवढी वाट बघणार नाही. आणि ‘पंधरवड्याने मोजू’ हे उन्हाळ्यात चालत नाही. अंड्यापासून माशी व्हायला तेव्हा ७ ते १० दिवस पुरतात, म्हणजे एक पिढी तुमच्या नजरेआड उडून जाते.

कार्डावर कळतात त्या उडणाऱ्या माश्या. पुढच्या माश्या खाली खतात असतात, त्यासाठी हातमोजे, खुरपं आणि गमबूट काढून ठेवा. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत ७५ ते ८० टक्के पाणी असतं. ती वाळत गेली तर अळीचं फारसं जमत नाही, पण कोंबड्यांच्या पाणी प्यायच्या गळक्या निपलखाली ती वाळतच नाही. तिथे खुरपं घाला, अळ्या वळवळताना दिसतील. गळका निपल त्याच फेरीत लिहून घ्या.

खत उकरताना दोन-तीन मिलिमीटरचे गोलसर, काळे, चकचकीत भुंगेरे दिसले तर खूश व्हा. ते माशीची अंडी आणि लहान अळ्या खातात, म्हणून ढिगावर सरसकट औषध मारू नये. त्यांच्या दुप्पट लांबीचा, लांबट काळा भुंगेरा मात्र वेगळा. तो शेडचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, पोखरतो. दोघांची नोंद वेगळी हवी.

वहीत ठिपक्यांशेजारी खत कधी काढलं, औषध कधी मारलं, पक्ष्यांचं वय किती, हे रकाने आखून ठेवा. मोजणारा माणूस शक्यतो एकच असावा. फवारणी ठरली असेल तर कार्डं निदान आठवडाभर आधी लागली पाहिजेत, नाहीतर नंतरचा आकडा कशाशी ताडून बघणार?