गर्भनिरोधक गोळ्यांविषयीचे अभिप्राय कसे वाचावेत

लग्नानंतर दोन-तीन वर्षे मूल नको असलेली साताऱ्यातली किंवा सांगलीतली तरुणी आज डॉक्टरांकडे जाण्याआधी बहुधा मोबाइलवर गोळीचे नाव शोधते, आणि इतर स्त्रियांनी लिहिलेले अभिप्राय वाचून गोंधळून जाते. एकीला काहीच त्रास झालेला नसतो, दुसरीचे वजन वाढलेले असते, तिसरीची पाळी लांबलेली असते आणि चौथीने ही गोळी कोणीही घेऊ नये असे बजावलेले असते. हे सर्व अनुभव खरे असू शकतात, आणि तरीही त्यांतला एकही वाचणारीला लागू पडत नाही असेही होऊ शकते. म्हणून ते टाकून द्यावेत असे माझे मत नाही. ओपीडीच्या गर्दीत विचारायला वेळ मिळत नाही आणि घरात विचारायला संकोच वाटतो, असे पुष्कळ काही तिथे मोकळेपणाने लिहिलेले असते. मात्र अभिप्राय वाचताना लिहिणारीच्या तक्रारीच्या आधी तिच्या गोळीतील औषध पाहावे.

हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण अगदी वेगवेगळी औषधे आपल्याकडे एकाच नावाखाली चर्चिली जातात. रोज घ्यायच्या संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके (हार्मोन्स) असतात. सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात; त्यांपैकी २१ गोळ्यांमध्ये ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल (प्रोजेस्टिन) व ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन) असते, तर उरलेल्या ७ गोळ्या केवळ लोहाच्या असतात. मेडिकलमध्ये अल्प दरात मिळणाऱ्या ‘माला-डी’तही हीच औषधे आहेत, त्यामुळे या दोहोंचे अभिप्राय एकत्र वाचायला हरकत नाही. ‘छाया’ ही गोळी मात्र पूर्ण निराळी आहे. तिच्यात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले सेंटक्रोमॅन हे संप्रेरकविरहित औषध असते, आणि ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. छायामुळे पाळी लांबणे हा तिचा ओळखीचा परिणाम आहे. ती फारच लांबली तर गर्भधारणेची चाचणी करून घ्यावी, परंतु छायाविषयीची ही तक्रार वाचून माला-एनला घाबरण्याचे काहीच कारण नाही.

संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या आपत्कालीन गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅम इतकी मोठी मात्रा एकदम पोटात जाते. तिच्यामुळे पाळी मागेपुढे होणे किंवा मध्येच रक्तस्राव होणे स्वाभाविक असते. महिन्यातून अनेकदा ही गोळी घेणारी स्त्री पाळी बिघडल्याचे लिहीत असेल, तर ती रोजच्या गोळीविषयी काहीच सांगत नसते. आपल्या भागात याहून अधिक गफलत होते ती पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची. माउलींची पालखी लोणंद-फलटणला यायची असते, घरी गौरी-गणपती किंवा पुतण्याचे लग्न असते, आणि मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणून काही दिवस घेतल्या जातात. अशा रीतीने घेतलेल्या त्या गोळ्यांवर गर्भनिरोधनासाठी विसंबता येत नाही. त्या घेऊनही दिवस गेल्याची तक्रार दिसली तर त्याचा उलगडा इथेच होतो. राहिल्या गर्भपाताच्या गोळ्या. मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही औषधे केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात आणि पोटात कळा येणे व रक्तस्राव होणे हेच त्यांचे काम असते. ‘गोळीने खूप रक्त गेले’ असे वाचल्यास प्रथम ती गोळी यांपैकी तर नव्हती ना, हे पाहावे.

औषध ओळखल्यावर ते कशासाठी घेतले होते हे शोधावे. पीसीओडी (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार), चेहऱ्यावरील मुरुमे किंवा नको असलेले केस यांसाठी डॉक्टर सायप्रोटेरॉन किंवा ड्रोस्पायरेनोन असलेल्या गोळ्या देतात. त्यांच्या अभिप्रायांत गर्भनिरोधनाचा उल्लेखही नसतो आणि सारी मोजदाद त्वचेची व पाळीची असते. गोळी बंद केल्यावर पाळी पुन्हा अनियमित झाली, ही त्यांतली नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा मूळचाच त्रास गोळी असेपर्यंत झाकला गेलेला असतो आणि नंतर तो परत दिसू लागतो. गोळीने नवे नुकसान केले असा त्याचा अर्थ होत नाही.

यानंतर काळ पाहावा. मळमळ, स्तन दुखणे, डोके जड होणे आणि दोन पाळ्यांच्या मध्ये थेंब-थेंब रक्त दिसणे हे त्रास पहिल्या तीन महिन्यांत अनेकींना होतात व पुढे बहुधा ओसरतात. पहिल्याच पाकिटावर चिडून लिहिलेला अभिप्राय प्रामाणिक असतो, पण अपुरा असतो. सहा महिने किंवा वर्षभर गोळी घेतल्यावर लिहिणारीचे मत मी अधिक वजनाचे मानते. मळमळ होत असल्यास रात्री जेवणानंतर गोळी घ्यावी, आणि वेळ रोज एकच ठेवावी, कारण वेळ चुकल्यानेही मधला रक्तस्राव वाढतो. शौचाचा रंग काळा झाल्याचे वाचून घाबरू नये. तो लोहाच्या गोळ्यांचा परिणाम आहे. वजनाबद्दल एवढेच सांगता येते की संयुक्त गोळ्यांमुळे वजन फार वाढते असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, आणि लग्नानंतर घर, जेवणखाण व कामाच्या वेळा हे सर्वच बदललेले असते, याचा विचार अभिप्रायांत क्वचितच केलेला असतो.

गोळी घेऊनही दिवस गेले, हा अनुभव वाचणारीला सर्वांत अस्वस्थ करतो, म्हणून त्याकडे शांतपणे पाहावे. संयुक्त गोळी अगदी नियमाने घेतली तर वर्षभरात १०० स्त्रियांपैकी एकीलाही दिवस जाण्याची शक्यता नसल्यात जमा असते. प्रत्यक्षातल्या वापरात, म्हणजे विसरणे व चुकणे धरून, ही संख्या ७ च्या आसपास जाते. कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारी किंवा ऊसतोडीच्या हंगामात पहाटेच फडावर जाणारी स्त्री वेळ सांभाळताना किती अडचणीत येते हे आपण जाणतो, आणि त्यात तिचा दोष नाही. अशा अभिप्रायात गोळ्या चुकल्या होत्या का, उलट्या किंवा जुलाब झाले होते का, आणि दुसरे कोणते औषध चालू होते का, या तीन गोष्टी शोधाव्यात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिटसाठीची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात. सर्दी-खोकल्यासाठी मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सने तसे होत नाही, जरी अनेकींनी तसे लिहिलेले असले तरी.

शिरांत रक्ताची गाठ होण्याच्या धोक्याचा अंदाज अभिप्रायांवरून कधीही बांधू नये. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे दोघींना अशी गाठ होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची संयुक्त गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ ते ७ आणि ड्रोस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांत ९ ते १२ असते. धोका इतका विरळ असल्यामुळे शेकडो समाधानी अभिप्रायांत त्याचा मागमूसही नसतो, आणि एखादीने तो सोसला असेल तर तिचा एकच मजकूर सर्वांवर सावट टाकतो. मात्र एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे, धाप लागणे, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे किंवा कावीळ, यांपैकी काहीही दिसले तर वाचत बसू नये, त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

पहिले मूल होण्याआधी गोळी घेतली तर पुढे मूल राहत नाही, ही भीती सासूबाईंपासून मैत्रिणींपर्यंत सर्वांकडून ऐकू येते. गोळीमुळे वंध्यत्व येत नाही. ती थांबवल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते. तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शननंतर मात्र काही महिने जास्त लागतात, आणि त्या विलंबाचे अनुभव अनेकदा गोळीच्या नावावर खपवले जातात.

ऑनलाइन दुकानात अभिप्रायांबरोबर दिलेल्या ताऱ्यांच्या सरासरीवर वेळ घालवू नये. त्यात पाकीट वेळेवर पोहोचल्याचे समाधानही मिसळलेले असते.

वाचून झाल्यावर तीन-चार प्रश्न कागदावर उतरवावेत आणि ते गावच्या आशाताईंना, उपकेंद्रातल्या सिस्टरना, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात व सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत स्त्रीरोग विभागात विचारावेत. ‘मी असे वाचले आहे’ असे म्हणण्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याच वेळी आपली माहितीही पूर्ण द्यावी: रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी, अंगावर पिणारे बाळ आणि त्याचे वय, पूर्वीची कावीळ, स्वतःला किंवा जवळच्या नात्यात झालेली रक्ताची गाठ, आणि चालू असलेली सर्व औषधे. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला संयुक्त गोळी देत नाहीत. मशेरी लावण्याची सवयही तंबाखूचीच असल्याने ती सांगावी, आणि गोळी सुरू होण्याआधी रक्तदाब मोजून घ्यावा.