अत्याचारग्रस्त बाईची न्यायाची लढाई पडद्यावर मांडताना या चुका टाळा

बीड, लातूर, परभणीकडची पोरं-पोरी आता मोबाईलवर लघुपट करतात. बलात्कारानंतर न्याय मागणारी बाई हा विषय अनेकांना हात घालावासा वाटतो. वाट मात्र जुन्या हिंदी सिनेमाची धरली जाते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोष्ट तिच्याकडून काढून दुसऱ्याला देणं. ‘दामिनी’ (1993) लोकांच्या लक्षात आहे तो साक्षीदार सुनेमुळे आणि वकिलाच्या गर्जनेमुळे. जिच्यावर अत्याचार झाला ती मोलकरीण उर्मी मध्येच मरते. ‘इन्साफ का तराजू’मध्ये (1980) बाई स्वतः लढते खरी, पण कोर्टात हरते आणि शेवटी बंदूक उचलते. पटकथा लिहून झाली की मोजा: निर्णय कोण घेतंय, ती की वकील?

दुसरी चूक, कोर्टाच्या आधीचं सगळं गाळणं. खरं नाट्य तिथंच आहे. समजा ती ऊसतोड कामगार आहे आणि घटना कोल्हापूरकडच्या फडावर झाली. बीडमधल्या आपल्या ठाण्यातही तिला तक्रार देता येते. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तिकडे पाठवतात. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याला तिच्यावर मोफत उपचार करावेच लागतात. ‘दोन बोटांची चाचणी’ (बोटं घालून बाई संबंधांना सरावलेली आहे का ते बघणारी तपासणी) करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलंय. हे हक्क कागदावर आहेत. पण अंगावर उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे आहेत, ते देणारा मुकादम गावचाच आहे, आणि खटल्याच्या तारखा पडणार तिकडं लांब. प्रत्येक तारखेला रोज बुडणार, लेकरं कुणापाशी ठेवायची? ठाण्याच्या बाकावर बसलेली ती आणि शेजारी गप्प बसलेली सासू, या एका प्रसंगाला पाच मिनिटं द्या.

गच्च भरलेलं कोर्ट दाखवू नका. बलात्काराचा खटला बंद दालनात चालवायचा, हा नियम 1983 पासून आहे. तिच्या चारित्र्यावर, आधीच्या संबंधांवर प्रश्न विचारायलाही कायदा मनाई करतो. वकील तरीही आडून विचारतात. मग सरकारी वकील उठतो का, न्यायाधीश अडवतात का, ते दाखवा.

अत्याचाराचा प्रसंग चित्रित करायची गरज नाही.

तिची जातही लपवू नका. ती दलित असेल आणि आरोपी सवर्ण, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. शिवाय गावात दोन्ही बाजूंनी तडजोडीचा दबाव येतो, त्याला जातीशिवाय अर्थच लागत नाही. ती रडकीच असावी असंही नाही. चिडेल, हसेल, कधी साक्षीत तारीख चुकेल, तरी खरंच बोलत असेल.

खऱ्या घटनेवर करत असाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आधी वाचा. ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, शाळा, वस्तीची कमान, बापाचं दुकान, सगळं बदला.